सातवी गल्ली

तुकडा आला तेव्हा हरभऱ्याच्या डाळीएवढा होता,
उणे ऐंशीत गोठलेला.
डबीवर आकडा, तीनशे चौदा. नाव लिहायचं नसतं.
पण सोबतच्या कागदावर कुणी घाईत खोडलेलं
उजेडासमोर धरलं की वाचता येत होतं :
मुनाकाता. वय अडुसष्ट. काम, जहाजांचं वेल्डिंग.

माझ्या खिडकीतून खाडीवरचा तांबडा पूल दिसतो.
त्याखालून वाकामात्सूची फेरीबोट जाते,
तीत रोज असे पुष्कळ मुनाकाता बसलेले,
न पेटवलेली सिगारेट ओठांत धरून.
हल्ली मनाई आहे.

मी तुकडा कुटते.
नायट्रोजनची वाफ खलातून उतू जाते, पायांवर सांडते.
त्या पिठातून आरएनए काढायचं,
जे बोटांच्या घामानंही मरतं.
"श्वास आवरून काम कर, कानोको," ओगाताबाई सांगायच्या.
श्वास आवरून,
फुफ्फुसाचं काम.

प्रत्येक पेशीजवळ अख्खी पोथी असते.
यकृत आपली पानं वाचतं, डोळा आपली,
बाकीच्या पानांवर मिथाइलची बारीक लाख.
मेज-तीन हे पान तर जन्माआधीच मिटतं.
पुरुषाच्या देहात एकाच खोलीत ते उघडं राहतं,
जिथे न झालेल्या लेकरांची
अक्षरं जुळवली जातात.
एरवी अंगभर कुठे ब्र नाही.

जेल पाऊण तास चालतं.
दिवा मालवला, जांभळा उजेड लावला.
पहिल्या गल्लीत मापाची शिडी.
दुसरीत वृषणाचं आरएनए, खात्रीसाठी : लख्ख रेघ.
तिसरीत ह्याच माणसाच्या फुफ्फुसाचा निरोगी काठ. काळोख.
चौथी पाचवी दुसऱ्या कुणाची, तिथेही काही नाही,
सहावीत नुसतं पाणी.
सातवीत तीच रेघ.
त्याच उंचीवर, दुसरीशी सुतात.

चाळीस वर्षांच्या ठिणग्यांनी
का धुरानं, का आणखी कशानं,
कुठली लाख वितळली कोण जाणे.
श्वास घ्यायच्या जागी
बाप व्हायचं पान उघडं पडलं.
कागदावर खाली आणखी एक ओळ होती :
अपत्य नाही.
ती मी वाचायला नको होती.

डॉक्टर त्सुरुओका खूष झाले.
म्हणाले, चोर परक्याचा सदरा घालून
भर दुपारी रस्त्यात आलाय,
पहारेकऱ्यांना फक्त सदरा ओळखायला शिकवायचं.
म्हणजे लस. म्हणजे चाचणी.
त्या प्रथिनाचे तुकडे होतात, त्यातला नऊ अक्षरांचा एक
पेशीच्या दाराशी, चौकटीत अडकवलेला असतो.
चौकट मात्र चोवीस नंबरची हवी.
आमच्याकडे दहांतल्या सहाजणांची असते.

रक्ताचा अहवाल बुधवारी आला.
मुनाकाताची नव्हती.

वहीत मी अधिकचं चिन्ह काढलं,
शेजारच्या रकान्यात लिहिलं, अपात्र.
पेन अडलं नाही. त्याचंच वाईट वाटलं, नंतर.

आरएनए उरलं होतं वीस मायक्रोलीटर.
टाकू का, विचारलं.
ओगाताबाई चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, ठेव,
उद्या कुणाला दुसऱ्या चौकटीची अक्षरं सापडतील.
उद्या म्हणजे किती, ते त्या बोलल्या नाहीत.
तळकप्प्यात बर्फ खरवडून जागा केली.

संध्याकाळी फेरीत शेजारचा म्हातारा खोकला,
खोल, ओला खोकला.
मी नकळत सरकले.
मग लाज वाटली, आणि परत सरकून बसले, आधीहून जवळ.
त्याला वाटलं मला थंडी वाजतेय.
त्यानं उठून खिडकी लावली.